आईच्या हिशोबाचं नवं व्हर्जन

आई मान डावीकडे कलती करून स्क्रीनकडे बघायला लागली, तेव्हा मला आधी वाटलं की तिच्या मानेत लचक भरली असेल. मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन मागून आले आणि मला दिसलं की ती एक डोळा तळहाताने झाकून वाचते आहे. एक ओळ वाचायची, हात काढायचा, दोन्ही डोळे मिटून थोडं थांबायचं, पुन्हा झाकायचा. मी कप ठेवला. आमच्या घरात मी फारशी बोलत नाही. दिसतं मात्र मला सगळं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याला सूज आहे म्हणून सांगितलं. इंजेक्शनं झाली. शेवटच्या वेळी ते म्हणाले, आता आहे तेवढं टिकवायचं, वाचायचं असेल तर मोठ्या अक्षरात वाचा, डोळे ताणू नका. आईने मान हलवली. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "मोठ्या अक्षरात कोण लिहितं गं? लोकांना जागा कुठे आहे?"

आई दहिसरच्या एका पतपेढीत हिशोबनीस होती. निवृत्त झाल्यावर पतपेढीचे हिशोब सुटले, घरचे राहिले. ते ती बाहेरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर ठेवते. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती त्या खुर्चीत बसते, माऊस दोन-तीनदा उगाच हलवते आणि दिवसभरात काय आलं आणि काय गेलं ते लिहिते. ज्या दिवशी काहीच झालं नसेल त्या दिवशीही बसते. तो वेळ तिचा असतो. तेव्हा बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

ते सॉफ्टवेअर मी शाळेत होते तेव्हापासूनचं. पतपेढ्यांना प्रोग्राम बनवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीने घरगुती हिशोबासाठी ते काढलं होतं आणि आईला त्याची सीडी मिळाली होती. निळा पडदा, त्यावर पांढरी मराठी अक्षरं, मुंगीएवढी. ती अक्षरं मोठी होत नसत. मी सगळं करून पाहिलं. खिडकी मोठी व्हायची, अक्षरं तेवढीच राहायची, त्यांच्याभोवतीचा निळा रंग फक्त वाढायचा. मोठ्या तळ्यात तेच चार मासे असावेत तसं.

दादाचं म्हणणं सोपं होतं. तो गोरेगावला राहतो आणि दर रविवारी जेवायला येतो. "आई, सोड ना आता. माझ्या फोनवर ॲप टाकतो, तुझं बँकेचं खातं जोडतो. सगळं आपोआप येतं त्याच्यात. तू काही लिहायलाच नको. मी बघत जाईन."

"आणि मी काय करू?"

"तू आराम कर."

आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. पुढच्या रविवारीही त्याने तेच म्हटलं, आणि त्याच्या पुढच्याही. त्याचा आवाज प्रेमळ होता, त्यामुळेच नाही म्हणणं कठीण होतं. शेवटी आई म्हणाली, "बरं. ही म्हणते, त्याचं नवीन व्हर्जन आलंय, अक्षरं मोठी होतात त्यात. ते चाललं तर चाललं. नाही चाललं तर येत्या रविवारी घेऊन जा तुझ्या फोनात."

"ही" म्हणजे मी. मी ते तिला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं, चारचौघांत जाहीर व्हावं म्हणून नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू करणार? झकास. रविवारपर्यंत हं."

आई उठून ताटं गोळा करायला लागली. तिचा चेहरा मला दिसला. कोणीतरी आपल्या हातातली पिशवी घेऊ बघतंय आणि आपण अजून ती सोडलेली नाही, असा तो चेहरा होता.

*

मला फोनवर बोलायला आवडत नाही. अनोळखी माणसाशी तर नाहीच. तरी मी त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. आमची इमारत पूर्वी चाळ होती, आता उंच आहे. गॅलरीतून खाली नदीची बारीक रेघ दिसते आणि त्यापलीकडे, ऊन तिरकं असलं की, खाडीकडचा चकाकणारा पट्टा. नाक्यावरच्या ट्रकांचा आवाज इतक्या वर येईपर्यंत मऊ झालेला असतो. फोनवरच्या मुलाने मला व्हर्जन विचारलं. मी सांगितलं.

"मॅडम, हे अजून चालतंय?"

"हो."

"आमच्याकडे कोणी बघितलंच नाहीये हे." त्याच्या आवाजात आदर होता, जुन्या देवळाबद्दल बोलावं तसा. "बघा, ह्याचं डायरेक्ट अपग्रेड होणार नाही. जुन्यातून डेटा एक्सपोर्ट करा, नवीन इन्स्टॉल करा, मग त्यात इम्पोर्ट करा. कॉलम जुळवायला विचारेल. ते नीट जुळवा, बस."

नीट जुळवा, बस. हे मी मनात घोळवत ठेवलं.

मी आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. त्यातल्या एका दुपारी, शुक्रवारी, आई झोपली आणि बाबा खाली बागेत त्यांच्या मंडळीत जाऊन बसले, तेव्हा मी डेस्कटॉप सुरू केला. जुनं यंत्र आहे. सुरू होताना ते एक लांब श्वास घेतं, मग आत काहीतरी गोल फिरायला लागतं आणि टेबलाला हात लावला तर तळव्याला गुदगुल्या होतात. आधी आईची सगळी वर्षं एका फाइलमध्ये काढून घेतली. इतक्या वर्षांची फाइल, आणि तिचा आकार मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा कमी. ती मी पेनड्राइव्हवर ठेवली आणि पेनड्राइव्ह मुठीत धरून जरा वेळ बसले. मुठीत सहज मावली ती वर्षं.

मग नवं व्हर्जन उतरवायला लावलं.

प्रोग्रेस बारकडे बघत बसणं मला आवडतं. कोणी विचारलं तर मी हे कबूल करणार नाही. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि तेवढ्या वेळात आपल्याकडून कोणाला काही नको असतं. दुपारचं ऊन गॅलरीतून आत आलं होतं आणि स्क्रीनच्या काचेवर दाराच्या पडद्याच्या जाळीची सावली पडली होती, त्यामुळे ती पट्टी जाळीखालून पोहत जात होती असं वाटत होतं. आतल्या खोलीतून आईचा श्वास ऐकू येत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला होता. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तरी चालेल.

"तुमच्या कम्प्युटरवर जुनी आवृत्ती सापडली आहे. काढून टाकायची?" असं त्याने इंग्रजीत विचारलं. मी "हो" दाबलं. निळा पडदा गेला. त्याच्या जागी पांढरं, गुळगुळीत काहीतरी आलं, ज्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होत होती. मी ती वाढवून पाहिली. वाढवत गेले. 'तारीख' हा एक शब्द अर्धा पडदा व्यापून बसला. मला हसू आलं, एकटीच होते म्हणून आवाज काढून हसले.

मग कॉलम जुळवायचे होते. डावीकडे आईच्या फाइलमधले मथळे, मराठीत. उजवीकडे नव्या प्रोग्रामचे, इंग्रजीत. बाणाने एकाला दुसऱ्याशी जोडायचं. 'तारीख' डेटला जोडली. 'तपशील' हा शब्द मी दोनदा वाचला, मग तो पर्टिक्युलर्सला जोडला. 'जमा' डिपॉझिटला. 'नावे' नेमला.

शाळा माझी इंग्रजी माध्यमाची. मराठी हा एक विषय होता आणि त्यातलं जे मला समजलं होतं ते असं, की आपण घरी 'फुलं' म्हणतो तिथे पुस्तकात 'फुले' लिहितात, 'मुलं' म्हणतो तिथे 'मुले'. घरातला अनुस्वार पुस्तकात गेला की त्याची मात्रा होते. हा नियम मला इतका पक्का माहीत होता की 'नावे' म्हणजे 'नावं', यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. नमुन्यादाखल प्रोग्रामने फाइलच्या पहिल्या काही ओळी दाखवल्या. सुरुवातीची शिल्लक, आईचा पगार, बाबांचा पगार. 'नावे' खाली रिकामं. आई नावं लिहायचा कंटाळा करत असेल, मला वाटलं.

उजवीकडे 'विथड्रॉवल' उरला. त्याला जोडण्यासारखं डावीकडे 'शिल्लक' सोडून काही नव्हतं. मी तिथे "काही नाही" निवडलं. जमा आणि शिल्लक त्याच्याकडे असताना खर्च त्याचा तो काढेल, एवढी अक्कल त्याला असेलच. आणि मी इम्पोर्ट दाबलं.

ओळी वर सरकायला लागल्या. झरझर जात होत्या, पण अधूनमधून यंत्र दम खायला थांबायचं आणि तेव्हा एखादी ओळ मोठ्या अक्षरात माझ्यासमोर उभी राहायची. आईने तपशिलात नुसतं 'मासे' लिहिलेलं नव्हतं. 'बांगडे, ताजे नव्हते'. 'सुरमई, पाहुणे'. 'गॅस'. 'धाकटीचा चष्मा'. 'गॅस'. 'धाकटीचा गॅदरिंगचा ड्रेस, घातला नाही'. तो ड्रेस मला आठवत होता, पिवळा. ताप आल्याचं सांगून मी घरी राहिले होते. आईने तेव्हा कपाळाला हात लावून पाहिला होता आणि काही म्हटलं नव्हतं. 'मोठ्याचा क्लास'. 'वहाणा, ह्यांच्या, पुन्हा'. 'गॅस'. माझी सगळी वर्षं माझ्यासमोरून जात होती, आणि त्यांना आईच्या हाताचा वास होता, हळदीचा आणि साबणाचा. मी त्या ओळींच्या खाली, पाण्याखाली बसावं तशी, बसून राहिले.

पट्टी संपली. शेवटी एकूण शिल्लक आली.

आमच्याकडे कोटीच्या आसपास रुपये होते.

*

आधी मी दशांश चिन्ह शोधलं. मग शून्यं मोजली. मग पाठ टेकून बसले.

काहीतरी चुकलं होतं हे मला कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं. पण खरं सांगायचं तर, त्या क्षणी मी चूक शोधत नव्हते. मी तो आकडा बघत होते. हे सगळं आलं होतं. आई-बाबांचे पगार, बोनस, गावच्या आंब्यांचे आजोबांनी पाठवलेले पैसे, जे जे कधी ह्या दारातून आत आलं ते सगळं इथे होतं, एकावर एक, आणि त्यातलं काहीच परत गेलेलं नव्हतं.

मी त्या घराची कल्पना करू लागले. ज्या घरातून कधीच काही गेलं नाही असं घर. तिथे कोणी बांगडे आणले नव्हते, त्यामुळे रविवारी वास येत नव्हता. तिथे गॅस पेटला नव्हता. बाबा पहिल्याच वहाणांवर होते, किंवा अनवाणी. दादा कुठल्याच क्लासला गेला नव्हता आणि म्हणून बहुतेक अजून घरातच होता, भिंतीला टेकून. मी शाळेत गेले नव्हते. मला चष्मा नव्हता, त्यामुळे समोरचं मला धूसर दिसत होतं, आणि त्या धूसरात खोल्या भरभरून पैसे ठेवलेले होते, छतापर्यंत, शांत. आणि मध्ये आई बसली होती, कारण तिला लिहायला काही नव्हतं.

आतून पलंग करकरला. आई उठत होती. मी घाईने स्क्रीन बंद केला.

"झालं का गं?"

"होतंय."

"अक्षरं?"

"मोठी आहेत. खूप मोठी."

ती खुश झाली. रात्री, शनिवारी सकाळी, मी पुन्हा पुन्हा बघितलं. नेमच्या कॉलमात सगळीकडे आकडे होते. मला वाटलं, तो प्रोग्राम गोंधळला. मदत क्रमांकाला शनिवारी सुट्टी होती. जुना निळा पडदा मी स्वतः "हो" दाबून काढून टाकला होता. फाइल पेनड्राइव्हवर होती, पण फाइलमध्ये खर्चाचा कॉलमच नाही, तो जुन्या प्रोग्रामबरोबर गेला, अशी माझी खात्री पटत चालली होती. आईची इतकी वर्षं, रोजच्या संध्याकाळी बसून लिहिलेली, मी पुसून टाकली. आणि उद्या दादा येणार.

*

दादा आला तो थेट खुर्चीत बसला. "काय मग, इन्स्टॉल-बिन्स्टॉल झालं का?"

"होतंय."

"होतंय म्हणजे कधी? माझी रिटायरमेंट?"

"तुझी कसली रिटायरमेंट," बाबा पेपरमागून म्हणाले, "तू कामाला कधी लागलास?"

मी अडवायच्या आत त्याने माऊस हलवला. पडदा उजळला. दादा पुढे वाकला, मग मागे झाला.

"आई! ए आई! इकडे ये आधी. तू करोडपती आहेस आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

आई स्वयंपाकघरातून आली, वाटणाचे हात वर धरून. स्क्रीनसमोर उभी राहिली. तिचा हात डोळ्याकडे गेला नाही. ते मला आधी दिसलं, बाकीचं नंतर. ती दोन्ही डोळ्यांनी, मान सरळ ठेवून वाचत होती.

"हे कोणाचे?"

"तुझे!"

"मेल्या, एवढे असते तर मी तुझे बांगडे साफ करत बसले असते?" मग ती आणखी पुढे झाली. "आणि ही काय भानगड? नेम म्हणजे नाव ना? नावाखाली दोनशे चाळीस. हा दोनशे चाळीस कोण?"

"कैदी असेल," बाबा म्हणाले.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. "तूच आकडे लिहिले होतेस," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षाही लहान निघाला. "मथळा तर 'नावे' होता. मी तो नेमला जोडला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे.

"तू सांग रे. नावे म्हणजे काय?"

"नावं. नेम्स. आणखी काय?"

आई मागच्या दिवाणावर बसली. वाटणाचे हात तसेच वर धरलेले, आणि ती हसायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला. बाबाही हसत होते, पेपर मांडीवर पडलेला. आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. कित्येक वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

"अगो बाय माझे," आईने कोपराने डोळे पुसले. हसताना तिची बोली गावाकडे जाते. "जमा म्हणजे इले ते. नावे म्हणजे गेले ते. अमक्याच्या नावे टाकले, म्हणजे त्याला दिले. विथड्रॉवल गं, विथड्रॉवल!"

"मग सरळ 'गेले' असं लिहायचं ना," दादा म्हणाला.

"पतपेढीत 'गेले' असं लिहिलं असतं तर पैसे ठेवायला कोण आलं असतं?" ती पुन्हा हसली. "दोघांना इंग्रजी शाळेत घातलं. फी कुठे लिहिली माहितीये? नावे!"

"माझ्या नावे काय काय आहे ते बघून ठेव," बाबा मला म्हणाले.

"तुमच्या? वहाणा," आई म्हणाली.

मी हसत नव्हते. म्हणजे गेलं नव्हतं. ते सगळं तिथेच होतं, चुकीच्या दारावर उभं. मला फक्त ते दुसरीकडे पाठवायचं होतं.

पण दादाने तोवर फोन बाहेर काढला होता. "ते ठीक आहे, पण हेच मी सांगतोय ना. एक शब्द चुकला तर सगळ्याची वाट लागते. आपोआप आलं असतं तर झालं असतं का हे? आई, तुझं कार्ड दे. दोन मिनिटांत जोडतो."

आईचं हसू थांबलं. "थांब जरा."

"किती थांबायचं? डोळे गेल्यावर?"

हे त्याने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण खोलीत ते मोठ्याने पडलं. बाबांनी पेपर उचलला आणि उघडला नाही. आई स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"आपोआप येतं ते माका नको," ती म्हणाली. "मी लिहिते तेव्हा मला कळतं की गेले. कुठे गेले, कशाला गेले. तुझ्या फोनात ते जातील आणि मी झोपलेली असेन. माका नको तुझां ॲप."

"अगं पण दिसलं पाहिजे ना तुला!"

"दिसलं तिला," मी म्हटलं.

दादा वळला. मी बहुधा त्याच्या बोलण्यात कधी मध्ये पडलेली नाही. मला वाटलं होतं, वाक्य इथेच संपेल, पण ते पुढे जात राहिलं. "आत्ता तिने डोळा झाकला नाही. उभ्याने वाचलं, एवढ्या लांबून. तू बघितलं नाहीस. दादा, ऊठ. मला बसू दे. मी परत करते."

तो उठला. आश्चर्यानेच उठला असावा.

माझ्या पाठीशी तिघं उभे असताना मी काही करू शकत नाही, साधा पासवर्डही टाकू शकत नाही. बोटं दुसऱ्याची होतात. तरी मी सगळं पुसलं, पेनड्राइव्ह लावला, आणि पुन्हा त्या बाणांशी आले. 'नावे' वर क्लिक करून तो विथड्रॉवलपर्यंत ओढत नेला. नेमपाशी "काही नाही" ठेवलं. इम्पोर्ट दाबलं. ओळी पुन्हा वर जाऊ लागल्या, पण ह्या वेळी मी एकटी नव्हते, आणि यंत्र दम खायला थांबलं की मागून आवाज येत होते.

"वीज, दोन महिन्यांची. आठवतं?"

"हा माझा क्लास? एवढी फी होती?"

"वहाणा," बाबा म्हणाले. "पुन्हा? मी काय खात होतो का त्या?"

पट्टी भरली. शिल्लक आली, छोटी, घरातल्यासारखी. आईने फोनवरचा बँकेचा मेसेज मला वाचायला दिला. जवळजवळ तेवढीच होती. थोडा फरक होता.

"अजून चुकतंय," दादा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता दम नव्हता.

"ते नाही जुळायचं," आई घाईने म्हणाली. "तो माझाच घोळ आहे, जुना. एकदा जुळेना, तेव्हा मी अंदाजाने आकडा घालून 'इतर' लिहून टाकलं होतं."

"तू? पतपेढीत होतीस ना?"

"म्हणून तर. पतपेढीत दिवसभर जुळवलं, मग घरी आल्यावर एकदा कंटाळा आला." ती स्वयंपाकघराकडे वळली. "चला, बांगडे राहिलेत तसेच."

जेवताना दादाने बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "बरं. पण डोळ्यांना त्रास झाला तर सांगशील?"

"झाला तर बघू."

"मला सांगशील?"

"तुला सांगून तू काय करणार, माझ्या वाटचं बघणार?" तिने त्याच्या ताटात मधला तुकडा ठेवला, मोठा. "झाला तर मीच ठरवीन. खा आता."

त्याने फोन पालथा ठेवला आणि जेवला.

*

तो गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. आईने दिवा लावला, पदराला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आली. मी खुर्चीतून उठले. ती बसली, खुर्ची जरा पुढे ओढली, माऊस दोन-तीनदा हलवला. पांढऱ्या पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. निळ्यापेक्षा ह्यात ती वेगळी दिसत होती, जरा दूरच्या गावची.

अक्षरं इतकी मोठी होती की एका वेळी थोड्याच ओळी मावत होत्या. "वरचं कुठे गेलं?" तिने विचारलं. मी सरकवायचं चाक दाखवलं. "आणि चुकलं तर?" मी ते बटण दाखवलं. "आणि हे मराठी करता येतं का, हे मथळे?" येत होते. मी सेटिंगमध्ये जाऊन करून दिले, मग मागे झाले.

तिने पहिलं अक्षर शोधलं, कीबोर्डवर बोट हवेत फिरवत. दाबलं. दुसरं शोधलं. मला ते बोट धरून पुढे न्यावंसं वाटत होतं. मी गॅलरीत गेले.

खाली नदी आता दिसत नव्हती, तिच्या जागी काळोखाची एक वाट होती आणि दोन्ही काठांवर दिवे लागत होते. टॉवरांच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत होत्या. प्रत्येकीच्या आत कोणीतरी काहीतरी आणलं असेल, काहीतरी संपलं असेल. नाक्याकडून ट्रकांचा तो मऊ आवाज येत होता. मी कठड्याला टेकून उभी राहिले. मागून कीबोर्डचा आवाज येत होता, एक टक्, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक टक्. एकदा ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली. मी वळायला गेले आणि थांबले.

ती हाक मारेल असं मला वाटत होतं. बटण सापडत नाही म्हणून, किंवा आकडा चुकला म्हणून. मी ऐकत राहिले. बाबांनी टीव्ही लावला आणि लगेच आवाज कमी केला. टक्, मग पुन्हा टक्. आता दोन आवाजांमधलं अंतर थोडं कमी झालं होतं.

हाक आली नाही. भात लावायची वेळ झाली होती, तो मी जाऊन लावला.